बांधाबाहेरचं घर

दादा,

काल सकाळी मिश्राजी आले. नेहमीसारखी गेटातूनच हाक मारली, "दादा हैं क्या?" आणि मग त्यांचं त्यांनाच आठवलं. तू गेलास त्या सकाळी समोरच्या घरातून सगळ्यात आधी धावत आलेला माणूस तो, घाटावर शेवटपर्यंत थांबलेला, तरी जिभेची सवय गेली नाही. मी त्यांना आत बोलावलं, चहा दिला. तुझ्या खुर्चीवर बसा म्हटलं तर बसले नाहीत. उभ्या उभ्या प्यायले आणि कप स्वतः आत नेऊन ठेवला. मला तेव्हा रडू आलं नाही, तो कप विसळताना आलं.

तुला जाऊन अजून महिना झालेला नाही. लखनौमधल्या जानकीपुरमच्या या घरात तू तीनेक वर्षं राहिलास आणि तेवढी वर्षं आपण बहीणभाऊ भांडलो. ते भांडण अर्धवट टाकून तू झोपेतच निघून गेलास, हे मला अजून पटलेलं नाही. भांडण रंगात आलं की पाठ फिरवून चालू लागायचं, ही तुझी लहानपणापासूनची खोड. पण तेव्हा तू फार तर खाडीपर्यंत जायचास आणि भूक लागली की मुकाट परत यायचास.

आता मधूचे फोन येतात. आपला हा चुलतभाऊ गावातल्या बांध कमिटीचं बघतो, हे तुला सांगायला नकोच. तुला घाबरून असायचा, मला कधीच घाबरला नाही, पण हल्ली माझ्याशीही दबकत बोलतो. "ताई, घाई काय नाय," म्हणतो, "पण पाऊस सरला. मार्गशीर्षात कामाला हात घालू म्हणतायत मंडळी. तुमचं काय ते कळलं म्हणजे..." पुढचं तो बोलत नाही. मी म्हणते, कळवते. फोन ठेवते. आणि मग घरभर फिरत राहते, या खोलीतून त्या खोलीत.

काय कळवायचंय ते तुला ठाऊक आहे, तरी एकदा समोर मांडून बघते, कारण मनातल्या मनात फिरवून मी दमले आहे. आपल्या गावाचा जुना मातीचा बांध, ज्याने खाडीचं खारं पाणी इतकी वर्षं शेतांच्या आणि घरांच्या बाहेर ठेवलं, तो आता दर मोठ्या उधाणाला फुटतो. गावाने ठरवलंय की तो सोडून द्यायचा, खाडीने काय न्यायचं ते न्यावं, आणि नवा बांध उंच, पण बराच आतून घालायचा. नव्या रेषेच्या आत सगळी घरं येतात. खाडीच्या अगदी काठाशी असलेलं आपलं एकच बाहेर राहतं. आणि गाव असं शहाणं, की ज्याचं घर बाहेर राहणार त्याने आपल्या तोंडाने हो म्हटल्याशिवाय एक कुदळ मारायची नाही, असंही त्यांनीच ठरवलं. तू होतास तोवर ते तुझं काम होतं. वहिनी आधीच गेली, तुम्हाला मूलबाळ नाही, तेव्हा आता ते माझं.

एवढंच आहे. हो किंवा नाही. कागदावर मांडलं की किती लहान दिसतं.

वहिनीमागे तू एकटा राहिलास तेव्हा मी काही बोलले नव्हते. शेतात खारं पाणी शिरलं, पुढच्या वर्षी भात पोटरलं पण लोंबीत दाणा भरला नाही, तेव्हाही नाही. विहीर बिघडल्याचं मधूकडून कळलं तेव्हा मात्र बँकेत सुट्टी टाकून आले. मी आले म्हणून तू कौतुकाने चहा टाकलास आणि दूध फाटलं. भांडं ओतून पुन्हा टाकलास, पुन्हा फाटलं. "दूधवाला बदलायला हवा," असं चुलीकडे बघत म्हणालास. मी उठून कळशीतलं पाणी ओंजळीत घेतलं. मचूळ. ज्या विहिरीवर सगळी वाडी पाणी भरायला यायची, तिचं पाणी.

"कधीपासून?" मी विचारलं.

"उन्हाळ्यात होतं जरा."

"पौष चालू आहे, दादा."

मग आपण दोघांनी बिनदुधाचा चहा घेतला, तोही खारट लागत होता. त्याच रात्री मी तुझी बॅग भरली. तू विरोध केला नाहीस, याचं मला तेव्हा बरं वाटलं. आता वाटतं, विरोध करण्याएवढं पाणीच उरलं नव्हतं तिथे.

लखनौला आल्यावर तू पहिलं काय केलंस तर आरओचं पाणी तोंडात घोळवून बेसिनमध्ये थुंकलास. "याला चवच नाय गो." ईशा हसत सुटली. "मामा, यही तो शुद्ध है." माझ्या या मुलीला मराठी सगळं कळतं, पण तोंडातून हिंदीच बाहेर पडते, आणि तुझं तिच्याशी छान जमलं कारण तू तिला कधी टोकलं नाहीस. मग तू नळाचं चाखलंस. त्या पाण्याने आमच्या किटलीला आतून पांढरी खपली धरते, ते तू किटली उन्हात धरून बघितलंस. "एक पाणी पिऊन तहान जात नाय," तू म्हणालास, "आणि दुसरं पिताच येत नाय. बरा आणलास मला." मी म्हटलं, विहिरीपेक्षा बरं आहे. तू म्हणालास, विहिरीला नावं ठेवू नकोस. आलेल्या पहिल्याच दिवशी सुरुवात झाली होती आपली.

आणि ती जेवणं. पौर्णिमा-अमावास्येला आपल्याकडे उधाणाचं पाणी नेमकं दुपारी, जेवायच्या सुमाराला चढतं. म्हणून आपल्या घराची रीत, पाणी पायरीवरून उतरायला लागल्याशिवाय पान मांडायचं नाही. आईने ती कडक पाळली. पाणी दारात आलेलं असताना घरच्या सगळ्यांनी खाली मान घालून जेवत बसू नये, कोणाचं तरी लक्ष हवं, एवढाच त्यातला अर्थ. ती रीत तू इथे घेऊन आलास, जिथून कुठल्याही दिशेला निघालं तरी समुद्र लवकर भेटत नाही. अमावास्या आली की तू बोटांवर तिथीची पाऊणपट करायचास, ती भरतीची वेळ, त्यात आपलं गाव खाडीत आत म्हणून थोडी भर घालायचास आणि बाल्कनीत जाऊन बसायचास. समोर मिश्राजींचं गेट, त्यांची स्कूटर आणि विजेच्या तारांचा गुंता.

"दादा, भात निवतोय."

"उतरू दे."

"काय उतरू दे?"

"पाणी, आणि काय?"

मी चिडायचे. श्रीकांत मात्र तुझ्यासाठी थांबायचा. नागपूरचा माझा नवरा, ओहोटी म्हणजे काय ते त्याला लग्नानंतर कळलं, पण पंधरा दिवसांनी एकदा तुझ्याबरोबर बाल्कनीत बसून गावचं पाणी उतरायची वाट बघणं त्याला आवडायला लागलं. हळूहळू ईशाही कॉलेजातून आली की दारातूनच विचारायची, "मम्मी, पानी उतर गया क्या? भूख लगी है." तिघं मिळून माझी थट्टा करताय असं मला वाटायचं. तसं नव्हतं ते, हे कळायला मला उशीर लागला.

आपलं मोठं भांडण मात्र थट्टेचं नव्हतं. मी म्हणायचे, समुद्र वाढतोय दादा, आपल्याच नाही, सगळ्या जगात वाढतोय, तो तुझ्या बांधाला विचारून थांबणार नाही. तू म्हणायचास, "समुद्र नाय वाढला. माणसं कमी झाली. बांधाला चिखल लावायला पूर्वी दोनशे हात असायचे, आता म्हातारे आणि बायका." मी मोबाईलवर नकाशे काढून दाखवायचे, किनाऱ्याच्या कडेला लाल रंग फासलेला. तू चष्मा वर करून बघायचास आणि म्हणायचास, "यात आपलं गाव कुठाय?" ते खरंच नसायचं. मला मनातून माहीत होतं की आपण दोघंही खरं बोलतोय. पण माणसं कमी झाली म्हणताना तू माझ्याकडे बघायचास, आणि मला ते लागायचं. त्या दोनशेतले दोन हात माझे होते आणि मी गोमतीकाठी येऊन राहिले होते.

या उन्हाळ्यातलं ते कॅलेंडर प्रकरण आठवतं? आपल्याकडे बांधाची डागडुजी वैशाख वद्य अष्टमीनंतर होते, भांग असताना, म्हणजे भरतीला जोर नसतो तेव्हा. सगळं गाव उतरतं. आधी प्रत्येक घराने आपल्या अंगणातली एक टोपली माती आणून टाकायची, मग खाडीकाठच्या खाजणातला चिखल. त्या अंगणाच्या टोपलीसाठी तरी मला पाठव, म्हणून तू मागे लागलास. आठ दिवसांसाठी जा, म्हटलं मी. स्वयंपाकघरात किराणावाल्याने दिलेलं इकडचं कॅलेंडर टांगलेलं आहे, त्यातल्या वैशाख कृष्ण अष्टमीवर तू बोट ठेवलंस आणि श्रीकांतने त्या तारखेचं तिकीट काढलं. आता, इकडचा महिना पौर्णिमेला संपतो आणि आपला अमावास्येला. त्यामुळे इथला वैशाख कृष्ण म्हणजे आपला अजून चैत्र वद्य. तू गावी पोचलास तर बांधावर चिटपाखरू नव्हतं. महिनाभर आधी जाऊन उभा राहिलास.

मधूचा हसत हसत फोन आला. "ताई, लखनौचं पंचांग आमच्या खाडीला लागू नाय हां." मीही हसले, बँकेत सगळ्यांना सांगितलं. आता गेलाच आहेस तर बांधाचं काम आटपूनच ये, म्हणाले. हसू ओसरल्यावर डोक्यात प्रकाश पडला. जन्मभर तिथीवर जगलेला माणूस तू. दर पितृपक्षात मला बजावणारा, की इथले लोक आश्विन म्हणतील, तू भुलू नको, आपला भाद्रपद आहे. तो तू महिना चुकशील? तुला महिनाभर घर हवं होतं. सरळ मागितलं असतंस तर तुझं ब्लडप्रेशर, टँकरचं पाणी, एकटेपण, सगळं पुढे करून मी नाही म्हटलं असतं. म्हणून चुकलास. परत आलास तेव्हा तुझ्या नखांत अजून माती होती, आणि मी काही विचारलं नाही.

त्याच मुक्कामात गावाने नव्या बांधाची गोष्ट तुझ्या कानावर घातली. आल्यावर तू एवढंच सांगितलंस, "आपलं घर बाहेर टाकतायत." मी विचारलं, मग तू काय म्हणालास? "काय म्हणणार? असं कुणी हो म्हणतं काय?" तिथून पुढे रोज तेच. तू विचारायचास आणि मी उत्तर द्यायचे. आईची खोली? आई खोलीत नाही, दादा. माझी झाडं? दोन माडांचे शेंडे गळालेत, बाकीचीही जाणारच. उद्या पाणी आणखी आत आलं तर, मग मधूचंही घर बाहेर टाकणार? तेव्हा मधू बघेल. तू प्रत्येक उत्तर ऐकून घ्यायचास आणि दुसऱ्या दिवशी नवा प्रश्न घेऊन यायचास. मला वाटायचं, हा माणूस दगड आहे.

मग श्रावणात आपली गल्ली तुंबली. पाऊस असा लागला की कोपऱ्यावरचा पार्क भरला, गटारं उलटी वाहायला लागली आणि काळं पाणी गल्लीत शिरलं. कुणाला बाहेर पडता येईना. श्रीकांत ऑफिसला फोन करत बसला, मी खालचं सामान वर चढवत होते, आणि तू? तुला मी इतकं खुशीत कधी बघितलं नव्हतं. बाजूच्या अर्धवट बांधकामावरची वाळू तू सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत भरायला लावलीस. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून गल्लीच्या मधोमध उभा राहिलास आणि मिश्राजींना हुकूम सोडत होतास, "भैया, ऐसा नहीं. पहले बड़ा बोरा, उसके ऊपर छोटा. अब पाँव से दबाओ, दबाओ." मिश्राजी, सरकारी खात्यातला निवृत्त माणूस, निमूट दाबत होते. गल्लीच्या तोंडापासून तिरका बांध झाला. पाणी आपल्या गेटावरून वळलं. बायका गच्चीवरून बघत होत्या, कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

दुपारी समोरून ओरडा आला. वळलेलं पाणी मिश्राजींच्या गेटातून आत गेलं होतं. खालच्या खोलीत त्यांची अम्मा खाटेवर, तिला उठता येत नाही. ती ओरडत नव्हती, सुनेचा आवाज होता तो. तू बाल्कनीतून खाली बघितलंस. कुणाला काही न सांगता जिना उतरलास आणि स्वतः घातलेली पोती स्वतःच लाथेने, हाताने, खांद्याने बाजूला करत गेलास. मिश्राजी म्हणाले, "अरे दादा, रहने दीजिए, हम अम्मा को ऊपर ले जा रहे हैं." तू ऐकलं नाहीस. बांध फुटला, तिकडचं पाणी उतरलं आणि आपल्या घरात घोट्याएवढं आलं. सोफा भिजला, जिन्याखालचं कपाट भिजलं. श्रीकांत एक शब्द बोलला नाही, त्याला मी त्यासाठी अजून मानते.

त्या संध्याकाळी आपण चौघं वरच्या एका खोलीत अडकलो होतो. वीज नाही, नळाला गटाराचा वास, पिण्याचं पाणी बाटल्यांत मोजकं उरलेलं. खिडकी उघडली तर दुर्गंधी, मिटली तर घुसमट. तू ओल्या पँटने जमिनीवर बसला होतास. आणि मी बोलले. आज तू इथे आपलं घर कोरडं ठेवायला समोरच्याचं बुडू दिलं नाहीस, मी म्हटलं. मग तिथे काय करतोयस? आपलं एक घर बाहेर पडू नये म्हणून अख्खं गाव थांबवून ठेवलंयस.

तू पँटचं ओलं टोक पिळलंस. मग म्हणालास, "आई ज्या खोलीत गेली, ती खोली खाडीला देऊ?"

"हो," मी म्हटलं. "दे."

ईशा म्हणाली, "मम्मी, बस करो." मी बस केलं. तूही. त्यानंतर तू घराचा विषय कधी काढला नाहीस.

मी चुकले असं मला आजही वाटत नाही. पुन्हा ती संध्याकाळ आली तरी मी हेच बोलेन. पण पुढच्या अमावास्येला तू बाल्कनीत गेला नाहीस. वेळेवर येऊन ताटावर बसलास. श्रीकांतने तुझ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी भात वाढला, वरण वाढलं, आणि तू खाली मान घालून जेवलास. सर्वपित्रीलाही तसंच. मला जे हवं होतं ते झालं होतं. ते बघायला मात्र मला अजिबात आवडलं नाही, आणि तेही मी तुला सांगितलं नाही. दसरा झाला, कोजागिरी तोंडावर आली, आणि एका सकाळी तू उठलाच नाहीस.

सगळे म्हणाले, प्रयाग इतकं जवळ, लोक कुठून कुठून अस्थी घेऊन तिथे येतात. श्रीकांतने गाडी सांगितलीही होती. मी नको म्हटलं. का, ते मला सांगता आलं नाही. तुझ्या अस्थी घाटावरच्या कपाटात आहेत, तांबड्या फडक्यात, आणि तिथला माणूस मला बघितलं की मान हलवतो. तिथेही तू दुसऱ्याच्या किल्लीच्या आत आहेस, दादा.

दिवाळीच्या आदल्या दिवशी मधूचा पुन्हा फोन आला तेव्हा मी वैतागून विचारलं, "दादा नाहीच म्हणत होता ना शेवटपर्यंत? मग मी त्याच्या उलट कसं जाऊ?"

पलीकडे मधू घुटमळला. "ताई, खरं सांगू काय? त्यांनी नाही कधी म्हटलंच नाय."

"म्हणजे?"

"उन्हाळ्यात देवळात मीटिंग झाली. सगळे होते. दादा उठले आणि म्हणाले, माझ्या तोंडातून हे निघायचं नाय. मी आहे तोवर थांबा, मी काय फार थांबवणार नाय तुम्हाला. मग बायला, माझ्या बहिणीला, विचारा. ती हो म्हणेल, ती शहाणी आहे." मधूने आवाज खाली आणला. "मंडळी थांबली, ताई. या पावसात दोनदा बांध फुटला, माझ्या पडवीत पाणी होतं. पण कुणी दादांना फोन केला नाय."

मी फोन ठेवला आणि तुझ्यावर अशी संतापले, की तू समोर असतास तर हातातलं भांडं आपटलं असतं. म्हणजे तुझं ठरलेलं होतं. परत आलास तेव्हाच ठरलेलं होतं. मग रोज सकाळी माझ्याशी काय भांडत होतास? आईची खोली, झाडं, मधूचं घर, एकेक प्रश्न आणून माझ्यासमोर ठेवत होतास आणि मी प्रत्येकाला उत्तर देत गेले. बहिणीला हे झेपेल की नाही ते तपासत होतास. आणि श्रावणातल्या त्या संध्याकाळी मी "दे" म्हटलं, तेव्हा तुझं काम झालं. म्हणून तू गप्प झालास. मी समजत होते, मी जिंकले.

आणि गंमत बघ. इतके महिने फडाफडा हो म्हणणारी मी, आता ते तोंडातून निघेना. तू नाही म्हणत होतास म्हणून मला हो म्हणणं परवडत होतं. तू दार धरून उभा होतास, म्हणून मी खुशाल ढकलत होते. आता ढकललं की ते खरंच उघडणार. आईची खोली खरंच जाणार. चिऱ्याच्या भिंतीवर आपल्या उंचीच्या खुणा आहेत, त्या जाणार. नाही म्हणावं तर मधूच्या पडवीतलं पाणी, आणि भर पावसात एक फोन न करणारी ती माणसं. तुझी शहाणी बहीण स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहायची आणि तिला कुठल्याच बाजूला सरकता यायचं नाही.

यंदा दिवाळी नव्हतीच आपल्याला. अमावास्येच्या दुपारी मी जेवण करून ठेवलं आणि बाल्कनीत जाऊन बसले. ठरवून नाही, पाय गेले. थोड्या वेळाने श्रीकांत येऊन शेजारी बसला. मग ईशा. समोर मिश्राजींनी आमच्यासाठी आपल्याही गेटावर दिवे लावायचे नाहीत असं ठरवलं होतं, ते आम्हाला संध्याकाळी कळलं. बराच वेळ गेला. ईशा म्हणाली, "मम्मी, आपण जाऊया ना तिकडे." मराठीत म्हणाली, म्हणून मी वळून बघितलं. ती रडत होती. मी म्हटलं, आधी पाणी उतरू दे. मग आम्ही जेवलो.

आज सप्तमी. तिथीची पाऊणपट, म्हणजे सव्वापाच, वर गावची थोडी भर. बँकेतून लवकर निघाले आणि त्याच वेळी मधूला फोन लावला, कारण तो भरतीला बांधावर असतो हे मला माहीत आहे.

"पाणी कुठवर आहे, मधू?"

"आज काय जोर नाय, ताई. तुमच्या पायरीच्या बरंच खाली आहे."

"हो म्हणते मी," मी म्हटलं. "घाला बांध."

खाडीवरचा वारा फोनमध्ये येत होता. मग मीच म्हटलं, "एक ऐक. आमचं घर बाहेर राहिलं तरी अंगणाची टोपली आमची पडली पाहिजे. मी येते घेऊन. मी गावातलीच आहे अजून."

"एक टोपली कशाला, ताई?" मधू म्हणाला. "आमचं बोलून झालंय ते. या वेळी कुणी आपल्या अंगणातली माती आणायची नाय. सगळ्या गावाने तुमच्याच अंगणातली टोपली उचलायची. घर नाय नेता येत आत. अंगण नेतो."

मी गाडीत बसून होते आणि बँकेचा गार्ड काचेवर टकटक करून विचारत होता, "मैडम, तबीयत ठीक है न?"

तर दादा, असं आहे. तुझं अंगण आत चाललंय, टोपल्याटोपल्यांनी, ज्याच्या त्याच्या डोक्यावरून. भांडण तू जिंकलास की मी, ते मला कळत नाही आणि तू सांगायला नाहीस. श्रीकांत तिकिटं काढतोय, या वेळी तारीख मी बघितली आहे, आपल्या पंचांगातली. मार्गशीर्षातल्या भांगाला बांधाचं काम सुरू होईल. मी नंतर पौर्णिमेपर्यंत राहीन. तुला घाटावरच्या त्या कपाटातून सोडवून बरोबर नेते आहे. प्रयाग नको तुला, लांब कुठेच जायला नको. आपली पायरी आहे. त्या दुपारी उधाणाचं पाणी वर चढेल तेव्हा मी तुला तिथे ठेवीन आणि उंबऱ्यावर बसून लक्ष ठेवीन. पाणी उतरायला लागेपर्यंत पान मांडणार नाही.